७४ दिवस पाळी नाही: अभ्यासाचं टेन्शन की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १९ वर्षांची. लातूरला होस्टेलवर राहून नीटची दुसऱ्यांदा तयारी करते आहे. पहिली पाळी तेराव्या वर्षी आली, बारावीपर्यंत ३०-३२ दिवसांनी नियमित यायची. जूनमध्ये रिपीटरच्या बॅचला आल्यापासून आधी ४० दिवसांनी, मग ४६ दिवसांनी आली आणि आता ७४ दिवस उलटले तरी आलेली नाही. उंची १५७ सेंटिमीटर. वजन जूनमध्ये ४९ किलो होतं, आता ४३ आहे. रूममेट म्हणते मेडिकलमधून गोळी आण, चार-पाच दिवसांत येते. आई फोनवर म्हणते पीसीओडी असेल, मावशीच्या मुलीला निघाला होता. आणि तिचा स्वतःचा प्रश्न: "हे टेन्शनमुळेच होतंय ना? मग परीक्षा झाल्यावर आपोआप येईल का? आणि परीक्षेच्या दिवशीच आली तर?"

तुला 'तू' म्हणते, कारण माझ्या ओपीडीत येणाऱ्या निम्म्या मुली तुझ्याच वयाच्या असतात. मराठवाड्यातल्या एका क्लासेसच्या गावात मी २३ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. जूनमध्ये बॅचेस सुरू होतात आणि दिवाळीच्या पुढे-मागे 'मॅडम, पाळी येत नाही' म्हणणाऱ्या मुलींची रांग लागते. दरवर्षीचं हे चक्र मी इतक्यांदा पाहिलंय की तुझा प्रश्न वाचताना तुझी होस्टेलची खोलीसुद्धा डोळ्यांसमोर उभी राहिली.

आधी सरळ उत्तर. होय, अभ्यासाच्या ताणाने पाळी लांबते, कधी कधी पूर्ण थांबते. पण तू दिलेल्या आकड्यांमध्ये माझी नजर ७४ वर अडकली नाही, ती ४३ वर अडकली. पाच महिन्यांत सहा किलो वजन गेलंय आणि तू ते नुसतं जाता जाता लिहिलंस. माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे.

शरीरात काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं पटेल. तू बायोलॉजीवाली आहेस, तुला जड जाणार नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस साधारण तास-दीड तासाला एक, अशा ठोक्यांनी एक संप्रेरक सोडत असतो. त्या ठोक्यावर पिट्युटरी ग्रंथी चालते आणि पिट्युटरीच्या सांगण्यावरून अंडाशय. अंडाशयात अंडं तयार होऊन बाहेर पडलं, की तिथून साधारण १४ दिवसांनी पाळी येते. हे शेवटचे १४ दिवस बऱ्यापैकी ठरलेले असतात. मागे-पुढे होतो तो आधीचा काळ, म्हणजे अंडं तयार व्हायला लागणारा वेळ. ताण आला, झोप तुटली, पोट रिकामं राहिलं, की हायपोथॅलॅमसचा ठोका मंदावतो. अंडं तयार व्हायला उशीर होतो किंवा ते बाहेर पडतच नाही. थोडक्यात, ताण अडवतो तो अंडं बाहेर पडण्याला. पाळी त्याच्या मागून लांबते.

या एका गोष्टीतून बरेच गोंधळ सुटतात. मुली म्हणतात, "मॅडम, टेस्ट सिरीज तर गेल्या महिन्यात झाली, आता काही टेन्शन नाही, मग पाळी आता का लांबली?" कारण आज न आलेली पाळी ही दोन-तीन आठवड्यांपूर्वीची बातमी असते, कधी त्याहूनही जुनी. म्हणून मी कुणालाच "सध्या टेन्शन आहे का" असं विचारत नाही. मी कॅलेंडर पुढ्यात ठेवते, शेवटची पाळी आली त्या तारखेवर बोट ठेवते आणि विचारते, यानंतरच्या चार-सहा आठवड्यांत काय काय झालं? मग गोष्टी निघतात. रँक घसरली. रूम बदलली. मेसवाल्या काकूंनी मेस बंद केली. नवरात्राचे नऊ दिवस उपवास केले. तूही हे करून बघ. वहीच्या मागच्या पानावर तारखा लिही, आठवतील तेवढ्याच.

आता ताण म्हणजे नेमकं काय, हे पाहू. अमेरिकेत माकडिणींवर एक प्रयोग झाला, २००७ साली तो प्रसिद्ध झाला. पाळी नियमित असलेल्या माकडिणींचे गट केले. एका गटाला नुसतं नव्या जागी, अनोळखी माकडांच्या शेजारी हलवलं. दुसऱ्या गटाचं खाणं थोडं कमी केलं आणि थोडा व्यायाम करायला लावला. तिसऱ्या गटाला दोन्ही, म्हणजे जागाही नवी आणि खाणंही कमी. पहिल्या दोन गटांत क्वचितच एखादीचं चक्र बिघडलं. तिसऱ्या गटात बहुतेकींचं बिघडलं. मी हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या गावातली होस्टेलं आठवली. घर सोडून नव्या खोलीत, अनोळखी मुलींबरोबर, आणि ताटात घरच्यापेक्षा निम्मं. एकेक गोष्ट शरीर सोसतं, दोन्ही एकत्र आल्या की हात टेकतं.

खाण्याचा परिणाम किती लवकर होतो तेही सांगते. ॲन लाउक्स या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये पाळी नियमित असलेल्या तरुण मुलींचं खाणं मोजून-मापून कमी केलं, फक्त पाच दिवस. एका ठरावीक पातळीखाली ऊर्जा गेली की पिट्युटरीचे ठोके त्या पाच दिवसांतच बिघडायला लागले. एवढ्याने कुणाची पाळी बंद होत नाही. पण शरीर हिशेब किती बारकाईने ठेवतं ते यातून कळतं. पाच दिवसांत हे दिसतं, आणि तू पाच महिने कमी खाते आहेस.

मला माहीत आहे, तू म्हणशील "मी डाएट करत नाही." बहुतेक मुली खरोखरच करत नसतात. म्हणून मी दिवस विचारते. सकाळी साडेसहाचा क्लास, त्याआधी चहा आणि दोन बिस्किटं. अकराला मेस, दोन पातळ पोळ्या, भाजी तिखट असेल तर नुसता रस्सा, वरण पाण्यासारखं म्हणून भात अर्धा टाकून दिलेला. दुपारी झोप येऊ नये म्हणून कमी जेवणाऱ्या मुली तर मी शेकड्यांनी पाहिल्यात. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री मेसला जायला-यायला अर्धा तास जातो म्हणून एक दिवसाआड दांडी, त्याऐवजी कुरकुरे नाहीतर मॅगी. मग दोनपर्यंत जागरण. त्यात आठवड्याला गुरुवार, महिन्याला संकष्टी, आणि नीट निघावी म्हणून बोललेले सोळा सोमवार. अशा दिवसाची बेरीज केली तर कित्येकदा हजार कॅलरीही भरत नाहीत. पोरगी उपाशी आहे हे तिलाच माहीत नसतं, कारण चहाने भूक मारलेली असते.

सुरुवातीच्या वर्षांत मी एक चूक केली. अशा मुलींना तपासायचे, रिपोर्ट बरे आले की सांगायचे, "काही नाही, टेन्शन घेऊ नकोस." एक मुलगी असं ऐकून गेली आणि सात महिन्यांनी परत आली. पाळी नव्हतीच, वजन आणखी उतरलेलं, केस मुठीने गळत होते. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नको म्हणालात, मी रोज प्रयत्न केला." त्या दिवसापासून मी ते वाक्य सोडलं. ते औषध नाही. उलट पोरीच्या डोक्यावर आणखी एक विषय वाढतो, आणि त्यात नापास झाल्याची टोचणी मागे राहते. ताण किती घ्यायचा हे १९ वर्षांच्या मुलीच्या हातात फार थोडं असतं. ताटात काय आणि दिवा कधी बंद करायचा, हे बरंचसं असतं.

तुझा आकडा मांडते. १५७ सेंटिमीटर उंचीला ४९ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साधारण २०, अगदी योग्य. ४३ किलोला तो साडेसतराच्या आसपास येतो, आणि १८.५ च्या खाली आपण कमी वजन म्हणतो. पाळीचं अंतर आधी ४०, मग ४६, मग बंद, आणि त्याच काळात वजनाची उतरण. या दोन रेघा एकत्र चालल्यात. म्हणून माझा अंदाज असा की तुझी पाळी कमी खाणं, कमी झोप आणि ताण या तिघांनी मिळून थांबवली असावी.

पण हा अंदाज आहे, आणि तो खरा धरण्याआधी बाकीची कारणं तपासून बाजूला काढावी लागतात. 'टेन्शनमुळे आहे' हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं. तुझी पाळी आधी वर्षानुवर्षं नियमित होती. अशा मुलीची पाळी ९० दिवस आली नाही तर तपासणी करायचीच, असा आमच्या शास्त्रात सर्वमान्य नियम आहे. वजन एवढं उतरलेलं असताना मी ९० ची वाट बघणार नाही. याच आठवड्यात जा.

पहिली तपासणी गरोदरपणाची. तू याबद्दल काही लिहिलेलं नाहीस आणि मी काही गृहीत धरत नाही. मी हे प्रत्येकीला सांगते. शारीरिक संबंध आलेला असण्याची थोडीही शक्यता असेल, तर मेडिकलमधून किट आणून सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट कर आणि डॉक्टरांना खरं सांग. तुझं चारित्र्य ठरवायला डॉक्टर बसलेले नाहीत. गरोदर असताना चुकीचं औषध दिलं जाऊ नये, एवढाच प्रश्न आहे.

मग रक्त: हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक. चेहऱ्यावर पुरळ किंवा केस वाढले असतील तर पुरुषी संप्रेरकांची तपासणी. डॉक्टरांना गरज वाटली तर एफएसएच, एलएच ही पिट्युटरीची संप्रेरकं आणि अंडाशयाचं इस्ट्रोजेन.

प्रोलॅक्टिनबद्दल थोडं थांबून सांगते, कारण हे कारण फार वेळा निसटतं. जागरण, चहा आणि रिकामं पोट यांनी ॲसिडिटी होते. मग मुली मेडिकलमधून कॅप्सूल आणतात आणि महिनोन्‌महिने रोज सकाळी घेतात. त्यांतल्या पुष्कळ कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. ही दुसरी औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात, आणि प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी लांबते, थांबते, कधी छातीतून दूधही येतं. एका मुलीला प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं म्हणून मेंदूचा एमआरआय करायला सांगितलेला होता. आईवडील पैशांची जुळवाजुळव करत होते. मी पर्स उघडायला लावली तर आत हीच कॅप्सूल निघाली. ती बंद करून काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं तर प्रोलॅक्टिन पूर्ववत. तू काहीही गोळ्या घेत असशील, अगदी 'साधी ॲसिडिटीची' असली तरी, पाकिटं सोबत घेऊन जा. मानसोपचाराच्या काही गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं, पण त्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आता आईचा पीसीओडी. आईची काळजी बरोबर आहे, तो आजार खरंच खूप मुलींमध्ये असतो. त्यात पाळी लांबते, हनुवटीवर-ओठांवर राठ केस येतात, पुरळ हट्टी असतं, आणि बऱ्याचदा (सगळ्यांचं नाही) वजन वाढतं. तुझं चित्र उलटं आहे: पाळी आधी नियमित, वजन घटतंय. तरी डॉक्टरांना तपासू दे. फक्त एक लक्षात ठेव. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'पॉलिसिस्टिक ओव्हरीज' असं लिहून आलं तर त्यावरून घाबरू नकोस. तरुण मुलींच्या अंडाशयात बारीक बारीक फुगे भरपूर दिसतात, ते वयाचं लक्षण असतं. म्हणूनच पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओडीचं निदान करू नये, असं २०१८ पासूनची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तुला सहाच वर्षं झालीत. नुसत्या एका रिपोर्टवरून हा शिक्का बसलेल्या किती मुली मी पाहिल्यात. मग काय होतं, तर कुणीतरी सांगतं वजन कमी कर, भात सोड. आणि जी पोरगी मुळात कमी खाण्याने आजारी पडली, ती आणखी कमी खाते. तुझ्या बाबतीत मला सगळ्यात मोठी भीती या चुकीची वाटते.

तुझ्याच खोलीत दुसरी एखादी असेल, जिची पाळीही लांबलीय पण बसून बसून आठ किलो वजन वाढलंय. हे उत्तर तिला जसंच्या तसं लागू नाही, तिला वेगळी तपासणी आणि वेगळा सल्ला लागेल. तसंच नववी-दहावीच्या फाउंडेशन बॅचमधल्या, पाळी सुरू होऊन दोन-तीनच वर्षं झालेल्या मुलींना ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. त्यांनी हे वाचून धास्तावू नये.

आता रूममेटची गोळी. ती बहुधा प्रोजेस्टेरॉनच्या जातीची असते, नॉरएथिस्टेरॉन किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. ती काही दिवस घ्यायची आणि बंद करायची, की गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि रक्तस्राव होतो. दिसायला ती पाळीच, पण अंडं बाहेर पडलेलं नसतं, वरचा ठोका होता तितकाच मंद असतो. पुढच्या महिन्यात पुन्हा जैसे थे. शिवाय तुझ्यासारखीला कदाचित ती गोळी घेऊनही काही येणार नाही, कारण शरीरात इस्ट्रोजेन कमी असेल तर सुटायला अस्तरच तयार झालेलं नसतं. मग तू आणखी घाबरशील. आम्हीही ही गोळी वापरतो, पण तपासून, आणि ती दिल्यावर काय होतं त्यावरून पुढचं ठरवायला. मला राग गोळीचा नाही. 'आली एकदाची' म्हणून सहा किलोंचा विषय तिथेच मिटवला जातो, त्याचा आहे.

आणि "परीक्षा झाल्यावर आपोआप येईल का?" कधी कधी येते. नुसती आठवडा-दोन आठवडे लांबलेली पाळी परीक्षा संपून मुलगी घरी गेली, आईच्या हातचं पोटभर जेवली, दहा दिवस झोपली, की येते. तुझी परीक्षा मे मध्ये आहे, म्हणजे अजून पाच-एक महिने. एवढे महिने इस्ट्रोजेन कमी ठेवणं मला मान्य नाही, कारण याच वयात हाडं त्यांची जन्माची पुंजी साठवत असतात आणि त्यांना इस्ट्रोजेन लागतं. आणि शरीर एवढं ओढलेलं असताना डोकंही चालत नाही. थकवा, चक्कर, वाचलेलं न टिकणं, चिडचिड, हे तू लिहिलं नाहीस तरी असणार. त्यात हिमोग्लोबिन कमी असेल तर विचारायलाच नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला होता. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी आठवते? ती त्यासाठीच असते. पण रक्तक्षय असेल तर आठवड्याची गोळी पुरत नाही, डॉक्टर देतील तो पूर्ण डोस घ्यावा लागतो, आणि तो चहाबरोबर घ्यायचा नाही. चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबाने लागतं.

म्हणून काय करायचं ते सांगते. यातलं बहुतेक मी रोज लिहून देते आणि मुलींना जमतं.

ताटापासून सुरू कर. सकाळी क्लासला जायच्या आधी काहीतरी खरं खायचं: दोन शेंगदाण्याचे लाडू आणि दूध, किंवा दोन उकडलेली अंडी आणि केळं, किंवा रात्रीच मेसवाल्यांकडून घेऊन ठेवलेली भाकरी, चटणी, दही. चहा त्याच्यानंतर. अकराला आणि रात्री आठला मेस चुकवायची नाही, आणि आता खातेस त्यापेक्षा प्रत्येक वेळी एक पोळी, एक वाटी भात जास्त. पोळीला तूप. क्लासच्या बॅगेत कायम फुटाणे, गूळ, शेंगदाणे. घरून डबा येत असेल तर आईला सांग की फराळाच्या चिवड्याऐवजी तिळाची चटणी, शेंगदाण्याचं कूट, डिंकाचे नाहीतर मेथीचे लाडू पाठव. यात महाग काही नाही, मुद्दाम बघून लिहिलंय. कारण मेसचं बिल वाचवण्यासाठी एकवेळ जेवणाऱ्या मुलीही माझ्याकडे येतात, आणि ते त्या तिसऱ्या भेटीत सांगतात. तुझंही तसं काही असेल तर आईबाबांना स्पष्ट सांग. लाखाच्या घरात फी भरणारे आईबाप पोरीच्या दुधाला नाही म्हणणार नाहीत, त्यांना फक्त कळलेलं नसतं.

उपवासाबद्दल. तुझी श्रद्धा असेल तर तिला माझा धक्का नाही. माझी आईही सोमवार करायची. पण वजन ४७-४८ होईपर्यंत उपवास पुढे ढकल, किंवा त्या दिवशी दूध, केळी, राजगिरा, शेंगदाणे भरपूर खाऊन कर. देव हिशेब मागणार नाही, शरीर मागेल.

झोप सात तास, त्याखाली नाही. साडेसहाचा क्लास असेल तर साडेदहाला दिवा बंद. हे ऐकून तुझ्या पोटात गोळा आला असेल, म्हणून एवढंच सांगते: दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच होतं. रात्री अकरा ते दोन वाचलेली पानं सकाळी किती आठवतात, हे आठवडाभर स्वतः तपासून बघ. संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी नको. चालणं अर्धा तास पुरे. वजन परत येईपर्यंत जिना-पळणं-झुंबा काही नको.

मनाचा भाग मी शेवटी घेतलाय, पण तो लहान नाही. २००३ मध्ये एक छोटा प्रयोग झाला. तुझ्यासारख्या कारणाने पाळी थांबलेल्या १६ बायका होत्या. आठ जणींना २० आठवडे समुपदेशन दिलं, आठ जणींना नुसतं पाहत राहिले. समुपदेशन मिळालेल्या आठपैकी सात जणींची अंडाशयं पुन्हा काम करू लागली, दुसऱ्या गटात फक्त दोघींची. प्रयोग फार लहान होता, त्यावर मी इमला बांधणार नाही. पण बोलण्याने अंडाशयापर्यंत फरक पडतो, हे माझ्या ओपीडीतही दिसतं. तुझ्या क्लासला समुपदेशक असतील तर त्यांना भेट. नसतील तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा आहे, १४४१६ हा नंबर, फोन फुकट, मराठीतून बोलता येतं. रडू येतं, सकाळी उठवत नाही, जगावंसं वाटत नाही, असं काहीही होत असेल तर पाळीचं राहू दे, आधी हा फोन कर आणि घरी सांग. आणि अगदी खरं विचारते, वजन उतरलं तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं का? खाल्लं की अपराधी वाटतं का? तसं असेल तर तो वेगळा आजार असतो, बरा होणारा, आणि डॉक्टरांना तो सांगावा लागतो.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे 'आतून तपासतील' ही भीती बहुतेकींना असते. लग्न न झालेल्या, संबंध न आलेल्या मुलीला आम्ही आतून तपासत नाही. सोनोग्राफी लागलीच तर पोटावरून होते, त्यासाठी पाणी पिऊन लघवी भरलेली ठेवायची, बस. खाजगीत जायला पैसे नसतील तर सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे हे सगळं विचारता येतं. जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून ने: गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, जूनपासूनची वजनं, घेत असलेल्या गोळ्या आणि कालच्या दिवसात सकाळपासून रात्रीपर्यंत खाल्लेलं सगळं.

थोडक्यात आतापर्यंतचं: तपासणी याच आठवड्यात, गोळी स्वतःहून नाही, भात सोडायचा नाही, वजन वाढवायचं. वजन परत आलं तरी पाळी लगेच दुसऱ्या दिवशी येत नाही, दोन-चार महिने, कधी जास्त लागतात. तेवढ्याने धीर सोडून पुन्हा जेवण कमी करू नकोस. आणि आईला हे वाचायला दे, कारण तिच्या मनात न बोललेला एक प्रश्न असेल: पुढे मूलबाळ होईल ना? या कारणाने थांबलेली पाळी बहुतेकींची परत येते आणि त्यानंतर दिवस राहायला सहसा अडचण नसते. एवढं तिला माझ्याकडून सांग.

इतक्या दिवसांनी पाळी येईल ती कदाचित जोरात येईल, गुठळ्या पडतील. घाबरू नकोस, पण तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं दोन-तीन तास चाललंय, किंवा चक्कर येतेय, किंवा आठ दिवस झाले तरी थांबत नाही, तर होस्टेलच्या मॅडमना उठवून दवाखान्यात जायचं, रात्र असली तरी. पोट दुखलं तर दुखण्याची गोळी काहीतरी खाऊन घे, उपाशीपोटी नको. मेफेनॅमिक ॲसिड असलेल्या गोळीने अंगावर पुरळ, ताप, सूज आली तर ताबडतोब बंद करून डॉक्टरांना दाखव. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने याबद्दल सावध केलं होतं. असं क्वचितच होतं, पण माहीत असावं.

तू शेवटच्या ओळीत विचारलंस, परीक्षेच्या दिवशीच आली तर? येऊ दे. पाळी पुढे ढकलण्याची गोळी हवीच असेल तर ती तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. आधी रक्ताची गुठळी झालेली असेल, घरात कुणाला झाली असेल, किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी होत असेल तर ती घ्यायची नाही. काहींना त्याने पोट फुगतं, मन खाली जातं, म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा नीटच्या आठवड्यात घेऊ नये. मार्चमध्ये डॉक्टरांशी बोलून ठरव. माझ्याकडे येणाऱ्या मुली बहुतेक गोळीशिवायच परीक्षेला जातात. दीडला गेट बंद होतं, पेपर दोन ते पाच, म्हणजे आत शिरण्यापूर्वी पॅड बदलायचा, मोठा, नेहमीच्या वापरातला, त्या दिवशी नवीन कंपनी नको. गडद रंगाची सैल पँट. सकाळी पोटभर वरण-भात. दुखत असेल तर जेवणानंतर, निघायच्या वेळी गोळी. आणि त्या दिवसापर्यंत तुझं वजन ४८ च्या पुढे असलं पाहिजे, ते मला कळव.